पिक कुठे टेकते? स्वीप आणि बोटं एकाच हाताने

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या गिटारिस्टची एक अडचण घरी बसून वाजवणाऱ्याला सहसा कळत नाही. मुखड्याला कॉर्डचे सूर बोटांनी सुटे सुटे वाजवायचे असतात, फर्स्ट म्युझिकला, म्हणजे मुखड्यानंतरच्या वाद्यांच्या तुकड्याला, पिकने (तारा छेडायच्या छोट्या चपट्या पत्रीने) झपाट्याचा लीड असतो, आणि तो संपतोय न संपतोय तोच गायिकेने अंतरा उचललेला असतो. म्हणजे पुन्हा बोटं. मधे पिक ठेवायची कुठे? कुणी दातांत धरतं, कुणी तर्जनीच्या पेरात लपवतं, कुणी सरळ सगळंच पिकने वाजवतं आणि मुखड्याचा खडखडाट करून ठेवतं. मी पिक सोडतच नाही. अंगठा आणि तर्जनीत पिक, बाकीची बोटं मोकळी. डोंबिवलीत माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्यांदा हे बघतात तेव्हा त्यांना वाटतं ही स्टेजवरची कसरत आहे. कसरत नाही, सोय आहे. आणि सोय म्हणून शिकलात तर लवकर जमेल.

हे वाचायला घेण्याआधी दोन गोष्टी येत असाव्यात. बारे कॉर्ड (तर्जनी तारांवर आडवी टाकून धरलेले) स्वच्छ वाजले पाहिजेत आणि पिकचे वर-खाली आलटून पालटून फटके लयीत पडले पाहिजेत. स्वीप येत नसला तरी चालेल, इथेच शिकाल.

स्वीप म्हणजे एका दिशेच्या एकाच हालचालीत पिक शेजारशेजारच्या तारांवरून नेणं, प्रत्येक तारेवर बहुतेक वेळा एकच सूर. कुंपणाच्या गजांवरून काठी ओढत जाणारं पोर आठवा. प्रत्येक गजासाठी ते वेगळा फटका मारत नाही. हायब्रिड पिकिंग म्हणजे पिक हातात ठेवून मधलं बोट, अनामिका, क्वचित करंगळी यांनी तारा छेडणं. दोन्ही एकत्र केलं की काही जण त्याला स्वायब्रिड म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी काही बिघडत नाही.

दोन्ही पद्धती वेगवेगळ्या घरांत वाढल्या, म्हणून त्यांचं पटकन जमत नाही. स्वीपची शिस्तशीर मांडणी ऐकायची तर फ्रँक गॅम्बाले ऐकावा. १९५८ साली कॅनबेऱ्यात जन्मलेला हा ऑस्ट्रेलियन गिटारिस्ट पुढे जॅझ पियानोवादक चिक कोरियाच्या इलेक्ट्रिक बँडमध्ये होता. त्याचं गणित सोपं आहे: एका तारेवर विषम संख्येने (एक, तीन) सूर ठेवले की पिक ज्या दिशेला निघाली आहे त्याच दिशेने पुढच्या तारेवर जाते, उलटी फिरावी लागत नाही. हायब्रिड पिकिंग मात्र मुख्यतः कंट्री हे अमेरिकन लोकवळणाचं संगीत वाजवणाऱ्यांची चाल. एल्विस प्रेस्लीच्या मागे वाजवणारा जेम्स बर्टन मधल्या बोटावर वेगळी नखी चढवायचा. अल्बर्ट ली तर इंग्लंडचा, पण कंट्री अशी वाजवतो की ऐकणाऱ्याला तो कंट्रीचं माहेर असलेल्या टेनेसीचाच वाटावा. या लोकांचा उजवा हात बघा, फक्त ऐकू नका. बोटं किती कमी हलतात ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

आता मुद्द्याचं. स्वीप शिकवताना सगळे सांगतात की पिक एका तारेवरून निसटली की पुढच्या तारेवर जाऊन टेकली पाहिजे. मारून उचलायची नाही, ढकलत न्यायची. सहावी तार (सर्वांत जाड) वाजली की पिक पाचवीवर टेकलेली, पाचवी वाजली की चौथीवर. बरोबर आहे. पण आता विचार करा, पुढची तार बोटाने वाजवायची आहे. पिक तर तिच्यावर जाऊन बसली! बोट तार ओढणार कशी? ओढलीच तर पिकच्या टोकाला घासून 'चट्' असा आवाज येणार, सूर दबणार. स्वीप आणि बोटं यांची सगळी भांडणं इथे आहेत. म्हणून मी मुलांना वेगाबद्दल काही विचारत नाही, एकच विचारतो: बोट वाजतं त्या क्षणी तुझी पिक कुठे टेकलीय?

याची उत्तरं दोनच. एक तर पिक आणि बोट यांच्यामध्ये एक तार मोकळी सोडायची. नाहीतर स्वीपच्या शेवटच्या तारेनंतर पिक न टेकवता हवेत काढायची. पहिलं सोपं आहे आणि मला वाटतं जास्त सुरेलही आहे. त्यापासूनच सुरुवात करू.

पण आधी पिक धरणं. तर्जनीच्या कडेवर पिक, वरून अंगठा. टोक तीन-चार मिलिमीटरच बाहेर हवं. जास्त बाहेर ठेवलंत तर ते तारांमध्ये खोल जाऊन अडकेल. पिक साधारण १ ते १.५ मिलिमीटर जाडीची, लहान आणि टोकदार घ्या. ०.५ ची पातळ पिक स्ट्रमिंगला गोड वाजते, पण स्वीपमध्ये ती आधी वाकते, मग सुटते, आणि प्रत्येक सूर कणभर उशिरा पडतो. पिक तारेला अगदी सपाट लावू नका, कड किंचित तिरकी ठेवा. अडथळा कमी होतो. स्वीप खाली जाताना, म्हणजे जाड तारांकडून बारीक तारांकडे, टोक मागे रेंगाळलेलं, छताकडे झुकलेलं हवं. वर येताना उलट, जमिनीकडे.

मधलं बोट आणि अनामिका सैल वाकवून तारांच्या वर ठेवा. करंगळी पिकगार्डवर रोवून बसायची सवय अनेकांना असते. मला ती आवडत नाही. करंगळी रोवली की अनामिकाही बांधली जाते, हे हात टेबलावर ठेवून बघा: करंगळी दाबून धरा आणि अनामिका उचला. कळेल. आधार हवाच असेल तर तळहाताची कड ब्रिजजवळ हलकी टेकवा. तीच पुढे जाड तारा गप्प ठेवायला उपयोगी पडते.

आता लिहिण्याची रीत. तिरक्या रेघेच्या आधी तार, नंतर फ्रेट. पहिली तार म्हणजे सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड. खा म्हणजे पिक खाली, व म्हणजे पिक वर, म म्हणजे मधलं बोट, अ म्हणजे अनामिका.

पाचव्या फ्रेटवर ए मायनरचा बारे धरा, नेहमीचाच. आणि हे वाजवा:

६/५ खा, ५/७ खा, ३/५ म, २/५ अ, ३/५ म, ५/७ व

चौथी तार आपण वगळली आहे. पिक सहावीवरून पाचवीवर, पाचवीवरून निसटून चौथीवर येऊन टेकते आणि तिथेच बसते. चौथी वाजायची नाहीच आहे, त्यामुळे पिक तिथे बसल्याचं नुकसान नाही, उलट फायदा आहे: ती तार आयती गप्प राहते. तेवढ्यात मधलं बोट, अनामिका, पुन्हा मधलं बोट असे तीन सूर पडतात. आणि पिक आधीच पाचवी आणि चौथीच्या मध्ये असल्याने परतीचा फटका पाचवीवर मारायला तिला कुठे जावं लागत नाही. या ओळीत एकच अवघड जागा आहे, शेवटची. पाचवी वर मारल्यावर पिक सहावीवर टेकू द्यायची नाही. सहावीच्या डोक्यावरून छोटी उडी मारून पलीकडे यायचं, म्हणजे पुन्हा खाली मारायला ती तयार. ही उडी मनगटातून यावी, कोपरातून नाही.

सहा सूर आहेत, म्हणजे सहा मात्रांचा दादरा ताल. मेट्रोनोमपेक्षा मला फोनवरचा तबला लावून हे वाजवायला आवडतं, कारण तबला नुसती टिकटिक करत नाही, सम कुठे आहे ते सांगतो. सम सहाव्या तारेवर येते आणि चौथ्या मात्रेवरचा काल अनामिकेवर. हे छान जुळलंय. काल हलकाच हवा आणि अनामिका तशी हलकीच वाजते. पण 'हलकी' आणि 'गायब' यांत फरक आहे, तो ऐकत राहा. मेट्रोनोमच लावायचा असेल तर ६० वर ठेवून प्रत्येक ठोक्याला तीन सूर. हळूहळू १०० पर्यंत गेलात तरी स्टेजवरच्या बहुतेक गाण्यांना पुरून उरेल.

हेच फ्रेट बदलून इतर कॉर्डवर न्या. एफ मेजर: ६/१, ५/३, ३/२, २/१. जी मेजर: ६/३, ५/५, ३/४, २/३. हात तसाच, बोटं तशीच. सी मेजरसाठी एक तार खाली सरका: ५/३ खा, ४/५ खा, २/५ म, १/३ अ, २/५ म, ४/५ व. इथे वगळलेली तार तिसरी, पिक तिच्यावर टेकेल. डावा हात नेहमीचे बारे कॉर्डच धरतोय, म्हणून सगळं लक्ष उजव्या हाताला देता येतं. ए मायनर, एफ, सी, जी असा क्रम लावला की तो लगेच गाण्यासारखा वाटायला लागतो. मुलं इथे खूश होतात आणि मला पुढचा धडा द्यायला जरा उसंत मिळते.

कानाला हा फरक का जाणवतो? साधा ट्रायड, म्हणजे तीन सुरांचा कॉर्ड, वाजवला की सूर एकमेकांना चिकटून येतात. इथे मूळ सूर, त्याचा पंचम आणि वरच्या सप्तकातला गंधार, असे मोकळे मोकळे बसतात. कीबोर्डवाला आधीच मधल्या पट्टीत कॉर्ड धरून बसलेला असतो. तुमचे सूर त्याच्या वर-खाली पडले की दोघंही ऐकू येता. चिकटलेले ट्रायड वाजवलेत तर साउंडवाला दोघांपैकी एकाला कमी करणार, आणि तो सहसा गिटारिस्टच असतो.

आता आवाजाचं बोलू, कारण बहुतेकांचं इथेच अडतं आणि ते बोटांना दोष देतात. पिकचा सूर टोकदार येतो, बोटाचा गोल. पहिल्या आठवड्यात तुमची ओळ अशी ऐकू येईल: टण् टण् दुम् दुम् दुम् टण्. नाद सारखा करायच्या मागे लागू नका, तो पूर्ण सारखा होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. आवाजाचा जोर मात्र सारखा हवा. त्यासाठी एकच सूर घ्या, ३/५. पिकने एकदा, मधल्या बोटाने एकदा, असं आलटून पालटून वाजवत बसा. फोनवर रेकॉर्ड करा आणि स्क्रीनवर लाटा बघा. कुठला सूर खुजा आहे ते दिसेल. खुजा सूर मोठा करण्यापेक्षा उंच सूर खाली आणा. म्हणजे पिक हळू मारा. पिकने जोर कमी लावायचा हे मुलांना पटायला वेळ लागतो, पण स्वीपलाही तेच हवं असतं. जोरात मारलेला स्वीप स्ट्रमसारखा ऐकू येतो.

बोटाने तार कशी छेडायची? तार गिटारपासून बाहेर ओढायची नाही. बाहेर ओढली की ती फ्रेटबोर्डवर आपटते आणि 'टप्प' असा आवाज येतो. कंट्रीवाले तो मुद्दाम काढतात, त्यांचं चिकन पिकिंग यावरच चालतं, पण अंतऱ्याला तो शोभत नाही. तार किंचित आत दाबा आणि तळहाताच्या दिशेने सोडा. बोटाच्या अग्राचं मांस आधी लागावं आणि नखाची अगदी कड शेवटी. नख फार वाढवायची गरज नाही. भांडी घासून किंवा आंघोळीहून आल्या आल्या सरावाला बसू नका. नखं आणि कातडी दोन्ही मऊ झालेली असतात आणि बोट तारेला चिकटल्यासारखं होतं.

सराव क्लीन टोनवर करा. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारा इफेक्ट) चढवला की पिक आणि बोटाच्या आवाजातला फरक झाकला जातो आणि तुम्हाला वाटतं जमलं. मग कुणीतरी क्लीन गाणं सांगतं आणि पितळ उघडं पडतं. कॉम्प्रेसर (लहान-मोठे आवाज सारखे करणारा इफेक्ट) असेल तर तो सराव जमल्यावर, थोडासा. दहा-शेहेचाळीसच्या तारा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) माझ्या हाताला बऱ्या वाटतात. नऊ-बेचाळीसच्या तारा बोटाने छेडल्या की फार लवचीक वाटतात, पण स्वीपवाल्यांना त्याच आवडतात. तुमचा हात ठरवेल.

पहिली पद्धत अंगात मुरली की दुसरी, जिथे मधे मोकळी तार नाही. उजवा हात अजून कच्चा असताना इकडे वळू नका.

३/१४ खा, २/१३ खा, १/१२ म, मग त्याच तारेवर १७ हॅमर, पुन्हा १२ पुल-ऑफ, २/१३ व

हॅमर म्हणजे तार पुन्हा न छेडता डाव्या हाताचं बोट आपटून काढलेला सूर, पुल-ऑफ म्हणजे तेच बोट ओढून उचलत काढलेला. हाही ए मायनर, हाही दादरा. चौदाव्यावर अनामिका, तेराव्यावर मधलं बोट, बाराव्यावर तर्जनी, सतराव्यावर करंगळी. ही बोटं डाव्या हाताची, गोंधळू नका. आता बघा, पिक तिसरीवरून दुसरीवर टेकली, दुसरी वाजवली, आणि सवयीप्रमाणे पहिलीवर जाऊन टेकायला निघाली. इथे तिला अडवायचं. दुसरी तार वाजली की मनगट किंचित बाहेर वळवा, म्हणजे पिक पहिलीच्या डोक्यावरून हवेत निघून जाईल, तारांच्या आत रुतणार नाही. ही हालचाल इतकी लहान आहे की समोर बसलेल्याला दिसू नये. दिसली तर ती मोठी आहे.

दोनच सुरांवर हे बसवा: २/१३ खा, १/१२ म. पुन्हा पुन्हा. 'चट्' ऐकू आलं तर पिक पहिलीला लागतेय. ऐकू येत नाही पण सूर दबका येतोय तरी ती लागतेय. एक युक्ती: पिक तिसऱ्या तारेवर असतानाच मधलं बोट पहिल्या तारेवर नेऊन ठेवा. पहिली अजून वाजत नाहीये, त्यामुळे बोट ठेवल्याने काही बिघडत नाही, आणि हाताला एक खुंटी मिळते. मग पिकला जायला जागाच उरत नाही, ती आपोआप बाहेर निघते.

एवढी यातायात कशासाठी, सरळ पिकनेच पहिली वाजवली तर? वाजवा की, पुष्कळ जण वाजवतात. पण स्वीपचं खरं दुखणं वेग नाही, वळण आहे. पिक पहिली तार ओलांडते, थांबते, उलटी फिरते, पुन्हा तीच तार किंवा दुसरी पकडते. आणि लय बहुतेक वेळा तिथेच घसरते. बोट आलं की पिक एक तार आधीच सुटते. बोटाचा सूर, हॅमर, पुल-ऑफ असे तीन सूर होईपर्यंत ती आरामात वळून दुसरीपाशी येऊन उभी राहते. शिवाय वरचा सूर बोटाने आल्यामुळे त्याला वेगळं वजन येतं, गायक वरच्या षड्जावर जरा थांबतो तसं. ओळीचा शेंडा ठळक होतो.

आता पाच तारा. हा आकार सगळ्या स्वीपवाल्यांना पाठ असतो:

५/१२ खा, १५ हॅमर, ४/१४ खा, ३/१४ खा, २/१३ खा, १/१२ म, १७ हॅमर, १२ पुल-ऑफ, २/१३ व, ३/१४ व, ४/१४ व, ५/१५ व

बारा सूर, दादऱ्याची दोन आवर्तनं. मग पुन्हा ५/१२ खाली. सूर मोजून बघा, ए, सी आणि ई हे तीनच फिरत आहेत. चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर दोन्हीकडे चौदावा फ्रेट आहे, तिथे डाव्या अनामिकेचं पेर लोळवायचं: चौथीवर अग्राने दाबायचं, मग पेर सपाट करत तिसरी दाबायची आणि त्याच वेळी चौथीवरचा दाब काढायचा. बोट उचलून नेऊ नका, वेळ जाईल. दोन्ही तारा एकदम दाबून ठेवू नका, कॉर्ड ऐकू येईल. स्वीपमध्ये एका वेळी एकच सूर जिवंत असला पाहिजे. वाजवलेल्या तारेवरचं बोट लगेच सैल करा, उचलू नका, नुसतं सैल. जाड तारा उजव्या तळहाताच्या कडेने गप्प ठेवा, बारीक तारांना डाव्या तर्जनीची खालची बाजू लागू द्या. बारावा फ्रेट तिच्याकडेच आहे, ती जवळच असते.

अकूस्टिकवर कटअवे नसेल तर सतराव्या फ्रेटपर्यंत हात जाणार नाही. मग सगळा आकार पाच फ्रेट खाली आणा: ५/७, १०, ४/९, ३/९, २/८, १/७, १२. हा ई मायनर झाला. पण सातव्यापाशी फ्रेट रुंद असतात आणि सात ते बारा ताणताना करंगळी ओरडते. ताण सोसत बसू नका. बाराच्या जागी दहावा दाबा. ई मायनर सेव्हन होईल आणि तो मला तर जास्त आवडतो. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर त्या दिवशी गिटार ठेवून द्या. बोटांच्या टोकाला दुखणं निराळं, ते चालतं.

बोट नेमकं कुठे घालायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. तीन ठिकाणी: ओळ वळते तिथे, तार वगळायची असते तिथे, आणि एखादा सूर ठळक काढायचा असतो तिथे. एका दिशेने सरळ धावणारा लांब स्वीप असेल तर पिकलाच धावू द्या. तिथेही बोटं खुपसणारे लोक मी बघतो. बघायला भारी वाटतं, ऐकायला काही वेगळं होत नाही. आणि उलटंही खरं: हळू गाण्यात मुखड्याला पिक आणि दोन बोटं एकदम मिटून तीन सूर एका वेळी वाजवले की कीबोर्डसारखा स्वच्छ कॉर्ड येतो. पिकच्या फटक्याने स्ट्रम केल्यावर तो येत नाही, कारण स्ट्रममध्ये तारा एकामागून एक वाजतात.

मला सगळ्यांत उपयोगी पडलेला प्रकार मात्र छोटासाच आहे. गायकाच्या दोन ओळींच्या मधे जी जागा सुटते तिथे पूर्ण आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) कशाला? चौथी-तिसरी अशा दोनच तारांचा झटपट स्वीप घ्यायचा, दुसरी वगळायची, आणि पहिलीवरचा सूर बोटाने सोडायचा. गायक सुराला कण लावतो तसे ते दोन सूर कण म्हणून लागतात आणि वरचा सूर उभा राहतो. डी मायनरवर असं करून बघा: ४/१२ खा, ३/१४ खा, १/१३ म. डी, ए, आणि वरचा एफ. पिक दुसरीवर टेकून बसेल. पहिले दोन सूर जितके जवळ घ्याल तितका तिसरा गोड लागतो. यापुढे गायकाच्या ओळीत शिरू नका, ती त्याची आहे.

पावसाळ्यात एक वेगळीच कटकट असते. हवेत दमटपणा, हाताला घाम, आणि पिक दोनच बोटांत. मधल्या बोटाचा आधार नसल्यामुळे ती फिरते. गणपतीत मंडपात वाजवताना तर हमखास. गुळगुळीत पिकच्या दोन्ही बाजूंना, अंगठा बसतो तिथे, बारीक पॉलिश पेपरने दोन-तीन आडव्या रेघा ओढा. टोकाला हात लावू नका, ते खरखरीत झालं तर स्वीप अडकेल. खडबडीत पकडीच्या पिकही मिळतात, मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन, पण स्वतःच्या सवयीच्या पिकवर रेघा ओढणं स्वस्त पडतं. कार्यक्रमाआधी हाताला पावडर लावणारे आहेत. पावडर तारांवर बसते आणि तारा लवकर मरतात. कोरडा रुमाल गिटारच्या स्ट्रॅपला बांधून ठेवा, दोन गाण्यांच्या मधे अंगठा पुसा. आणि तारा वाजवून झाल्यावर त्याही पुसा. आमच्या बाजूच्या हवेत दुसऱ्या-तिसऱ्या तारेला गंज आधी दिसतो, आणि गंजक्या तारेवर बोट घासलं की पिकच्या शेजारी त्याचा आवाज आणखीच खरखरीत येतो.